निवडलेला मका

अक्काताई खोतांनी डोक्यावरचं पोतं उतरवलं आणि आतलं सगळं माझ्या पांढऱ्याशुभ्र टेबलावर ओतलं.

"अहो, इथं नको," मी म्हणाले, पण तोवर ढीग झाला होता. मक्याचा भरडा होता तो, आमच्याच दूध संघाच्या पशुखाद्य कारखान्यातला. त्यात मुठीएवढे गोळे होते. एक गोळा घरंगळत कडेपर्यंत आला आणि फुटला. आतून हिरवट भुकटी उडाली, जाळ्यात गुरफटलेल्या दोन अळ्या बाहेर आल्या, आणि पावसाळाभर कोपऱ्यात पडलेल्या चपलेला येतो तसा वास खोलीभर पसरला. मी ओढणी नाकाला लावून भिंतीशी जाऊन उभी राहिले.

"वास येतोय न्हवं?" अक्काताई म्हणाल्या. "माझ्या म्हशींनी ह्यो वास दोन म्हैनं खाल्लाय."

या गोष्टीला बावीस वर्षं झाली. तेव्हा मी सत्तावीसची होते आणि संघाच्या प्रयोगशाळेत रसायनतज्ज्ञ होते, पण हंगामी. तीन वर्षं हंगामी. कायम व्हायचं तर काहीतरी नाव घेण्यासारखं करून दाखवा, असं आमचे प्रमुख हंचनाळे सर दर दिवाळीला सांगायचे. मला मात्र वाटायचं, माझी प्रयोगशाळा एवढी लखलखीत आहे, याहून काय करून दाखवायचं? माझ्या टेबलावर धुळीचा कण दिसायचा नाही. मला घाणीचं वावडं होतं आणि त्याचा मला अभिमानही होता. आता तो आठवला की माझीच मला शिसारी येते.

अक्काताई नदीपलीकडच्या माळवाडीच्या. साठीला आलेल्या, काटक, पायात रबरी बूट. दारात तीन म्हशी. एकीचं रेडकू चार दिवसांत गेलं होतं, दुसरी सातव्या महिन्यात गाभडली होती. तिसरी अजून दूध देत होती.

"तिच्या दुधावर माझी नात हाय," त्या म्हणाल्या. "लेकीची पोर, आईवेगळी. तवा एवढंच सांगा बाई, ह्यात काय हाय? ह्ये खाणाऱ्या म्हशीचं दूध तिला देऊ का नको?"

"तपासून कळवते," मी ओढणीतूनच म्हणाले. "आधी हे उचला."

त्यांनी हातांनी गोळा केलं. मी त्यातलं पसाभर चमच्यानं डब्यात घेतलं आणि त्या गेल्यावर टेबल तीनदा पुसलं.

त्या दिवसांत आमच्याकडे मोठं काम चाललं होतं. मक्यावर, शेंगदाण्याच्या पेंडीवर बुरशी चढते, तिच्यातली एक जात विष सोडते. ते विष डोळ्यांना दिसत नाही, उकळून जात नाही, जनावराच्या पोटातून दुधात उतरतं. किती चालतं? टनभर खाद्यात वीस मिलिग्रॅम, म्हणजे चिमूटभर मिठाहूनही कमी. त्याच्या वर गेलं की माल टाकून द्यायचा. एवढंसं विष मोजायचं कसं, यावर हंचनाळे सर शोधनिबंध लिहीत होते, आणि त्यावर पहिलं नाव माझं लागणार होतं.

आम्ही तीन पद्धती एकमेकींशी ताडून पाहत होतो. पहिली जुनी, काचपट्टीची: मक्याचा अर्क काचेवर चढवायचा आणि जांभळ्या दिव्याखाली धरायचा, विष असलं की निळं चमकतं. दुसरी किटची: छोट्या वाट्यांमध्ये रंग येतो, विष जितकं जास्त तितका रंग फिका. तिसरी नव्या यंत्राची. ते वातानुकूलित खोलीत काचेआड बसलेलं असायचं आणि कागदावर डोंगर काढून द्यायचं. प्रत्येक नमुन्याचे तीन भाग करून मी तिन्हीकडे पाठवत होते. साठ नमुने झाले होते. यंत्र म्हणालं सहा, तर किट म्हणायचं साडेसहा आणि काचपट्टी सातच्या आसपास. तिन्ही इतक्या जुळायच्या की सर आलेखावर पट्टी ठेवून बघायचे आणि हसायचे.

"मगदूम, तिघी बहिणी आहेत या," ते मला म्हणायचे. "एक खोटं बोलेल, तिघी बोलणार नाहीत."

तेव्हा ते कोऱ्या चहाचा घोट घेत असायचे. दूध संघाच्या कँटीनमध्ये सगळे दाट दुधाचा चहा प्यायचे, सर मात्र यंत्र आलं त्याच महिन्यापासून कोरा. पित्त झालंय म्हणायचे.

नमुने आणायचे शिवाप्पामामा. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेले, पांढरी टोपी, चष्म्याला मागून दोरा. गोदामातल्या थप्पीत पोकळ सळई खुपसून ते मका काढायचे आणि रोज सकाळी दहाला डबा माझ्या टेबलावर ठेवायचे. सोन्यासारखा मका असायचा तो. मी सगळ्यांसमोर म्हणायचे, नमुना आणावा तर शिवाप्पामामांनी. ते लाजून टोपी सारखी करायचे.

अक्काताईंच्या भरड्याचा आकडा आला तीनशे दहा. यंत्राचा. मी किट लावलं, तीनशे. काचपट्टी तर दिव्याखाली निळ्या कंदिलासारखी पेटली.

मी कागद घेऊन सरांकडे गेले. त्यांनी तो पाहिला आणि बाजूला ठेवला.

"हे पोतं भरलं त्या आठवड्यात भरडलेल्या मक्याचा आपला आकडा किती होता?"

"आठ, सर."

"मग झालं तर. बाईंच्या गोठ्यात ओल असणार. घरी नेऊन भिजवलं, बुरशी चढली, आता संघाच्या नावानं खडे फोडतायत. लिहून टाका तसं."

"बाई म्हणतात, शिवलेलं पोतं फोडलं तेव्हाच आत बुरशी होती."

"मगदूम, तीन पद्धतींनी साठ नमुने तपासलेत आपण. तुम्ही कुणावर विश्वास ठेवणार, आकड्यांवर की म्हशीवाल्या बाईवर?"

मी आकड्यांवर ठेवला. आणि मनापासून ठेवला, हे सांगायला हवं. मला त्या बाईचा रागच आला होता, टेबल घाण केल्याचा. मी स्वच्छ मराठीत पत्र लिहिलं: संघाचा मका भरडा तपासणीत निर्दोष आढळला आहे, साठवणुकीतील ओलाव्यामुळे बुरशी आली असावी, भरडा देण्यास हरकत नाही, तक्रार निकाली काढण्यात येत आहे. खाली वळणदार सही केली, वृषाली मगदूम. पत्र टपालात गेलं.

निबंध परीक्षकांकडे गेला होता, तो एका शेऱ्यासह परत आला. तुमचे सगळे आकडे दहाच्या आत आहेत; जास्त विषाचे नमुने घेतल्याखेरीज तुलना पुरी कशी होणार? शेरा रास्त होता. सरांनी कपाळाला आठ्या घातल्या.

"चार-पाच खराब नमुने बघा कुठून तरी. निबंध वाचायची परिषद दहा दिवसांवर आलीय."

खराब मका कुठे मिळेल हे विचारायला मी गोदामात गेले. तीन वर्षांत पहिल्यांदा. प्रयोगशाळेपासून गोदाम दीडशे पावलांवर होतं आणि मी एकदाही तिकडे फिरकले नव्हते. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच.

दारातच तो वास आला. टेबलावर आला होता तोच, पण इथे खोल, जुना, भिंतीत मुरलेला. नदीकडच्या भिंतीला ओल चढली होती आणि तिला टेकून मक्याच्या पोत्यांची छतापर्यंत थप्पी. खालची पोती काळी पडून फुगली होती. एका पोत्याच्या फाटलेल्या कडेतून मका बाहेर आला होता आणि तो हलत होता. दाणे हलत नव्हते, किडे हलत होते. पायाखाली काहीतरी चिरडलं. मी तोंडावर हात दाबला.

उजेडाच्या तिरिपेत शिवाप्पामामा मांडी घालून बसले होते. मांडीवर सूप, शेजारी नमुन्याचा डबा. ते मका पाखडत होते. पाखडून झाल्यावर चष्मा वर करून एकेक दाणा निवडत होते, बायका सणाच्या आधी तांदूळ निवडतात तसे. काळा बाजूला, हिरवा बाजूला, किडका बाजूला, पिवळाधमक डब्यात.

"मामा, हे काय करताय?"

"तुमचाच नमुना, बाई." ते उठायला लागले. "आज जरा उशीर झाला. अलीकडं खराब लई निघतंय."

"पण निवडताय का?"

त्यांनी माझ्याकडे नवलानं पाहिलं.

"तुमीच सांगितलंसा की. तुमी नवीन आला तवा पहिला डबा म्या तसाच आणला हुता. त्यात आळी निघाली. तुमाला वकारी झाली. तुमी डबा माझ्या अंगावर ढकलला, म्हनलासा, असली घाण पुन्हा माझ्या टेबलावर आणायची नाही, स्वच्छ करून आणायचं." ते हसले. "त्या दिसापासनं एक काळा दाणा तुमच्याकडं येऊ दिला न्हाई म्या. रोज दीड तास लागतोय."

मला तो दिवस आठवला. सगळा आठवला, डब्याचा आवाजसुद्धा.

बुरशीचं विष सगळ्या मक्यात सारखं पसरलेलं नसतं. हजारातल्या चारदोन दाण्यांत असतं, पण तिथं खच्चून असतं. हे मी कॉलेजात पाठ केलेलं, परीक्षेत लिहिलेलं, निबंधाच्या पहिल्या परिच्छेदातही घातलेलं. ते चारदोन दाणे शिवाप्पामामा रोज दीड तास खपून वेचून काढत होते, आणि उरलेल्या मक्यात विष नाही हे मी तीन-तीन पद्धतींनी सिद्ध करत होते.

"आणि हे निवडलेलं," मी त्या काळ्या ढिगाकडे बोट केलं, "याचं काय करता?"

"परत पोत्यात. संघाचा माल हाय, वाया कसा घालवायचा?"

मी गोदामाच्या मागे जाऊन ओकले. आता किळस अळ्यांची नव्हती.

मामांना मी एक शब्द बोलले नाही. सांगितलं तेवढं त्यांनी इमानानं केलं होतं. मी फाटलेल्या पोत्यातला मका हातानं उचलला, उघड्या हातानं, डबा भरला आणि तपासला. दोनशे साठ, दोनशे चाळीस, दोनशे पंचावन्न. तिघी बहिणी पुन्हा जुळल्या. त्यांना जे दिलं ते त्या खरं सांगत होत्या, तेव्हाही आणि आताही.

सरांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"छान. म्हणजे खराब नमुने मिळाले," ते म्हणाले. "हे आकडे निबंधात घाला."

"सर, गोदाम बंद करायला हवं. मका अजून भरडला जातोय. आणि आधीचे साठ नमुने निवडलेले होते."

"निबंध पद्धतींच्या तुलनेवर आहे, मक्यावर नाही. तिन्ही पद्धतींनी तोच नमुना पाहिला आणि तेच सांगितलं. शास्त्र म्हणून यात काय चुकलं?"

त्यांच्या वाक्यात चूक नव्हती. त्याचीच घाण वाटली.

"निदान दूध तरी तपासू या. यंत्रावर दुधाचीही तपासणी होते."

"दूध आपल्या विभागात येत नाही." त्यांनी कोऱ्या चहाचा कप उचलला. त्या कपाकडे बघताना मला कळलं. यंत्र आलं त्या महिन्यात त्यांनी एकट्यानं काहीतरी तपासलं होतं, आणि त्याचा आकडा कुणाला सांगितला नव्हता. नुसतं दूध सोडलं होतं.

माझ्या नजरेचा रोख त्यांनी ओळखला असावा. त्यांनी खण उघडून एक कागद काढला. "त्या माळवाडीच्या बाईंची सही राहिलीय, तक्रार मिटली म्हणून. उद्या जाऊन घेऊन या. तुमच्या कायमच्या नेमणुकीचं मी अध्यक्षांशी बोललोय. सगळं एकदमच होऊन जाऊ दे."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी माळवाडीला गेले. कशाला गेले, खरं सांगायला की सही घ्यायला, हे मला एसटीतून उतरेपर्यंत ठरवता आलं नव्हतं. कागद पर्समध्ये होता आणि पेनही होतं. जे असेल ते असो.

अक्काताई नुकत्याच धार काढून आल्या होत्या. मला पाहून त्यांनी अंगणात घोंगडं अंथरलं.

"तुमचं पत्र पोचलं," त्या म्हणाल्या. "मास्तरांकडनं वाचून घेतलं. आमच्याच घरात ओल हाय म्हनतासा. असंल बाई. तुमी शिकल्याली मानसं." आवाजात राग नव्हता. "म्हनून मग उरल्यालं पोतं तिसरीला घातलं. भरडा द्यायला हरकत न्हाई, असं लिवलंय न्हवं तुमी?"

त्यांनी आत जाऊन तापवलेलं दूध दोन पेल्यांत आणलं. एक माझ्यापुढे ठेवला, दुसरा नातीच्या हातात दिला. सहा-सात वर्षांची पोर, दोन वेण्या, शाळेचा निळा झगा. तिनं पेल्यावर फुंकर घातली.

"घ्या की. घरचं हाय," अक्काताई म्हणाल्या.

पेल्यावर साय धरत होती. मी हात पुढे केला, पण तो पेल्यापर्यंत जाईना. पोरीनं पेला ओठांना लावला.

"तिला देऊ नका ते," मी म्हणाले.

अक्काताईंनी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या भरल्या पेल्याकडे.

"का वो? पत्रावर सही कुणाची हाय?"

"माझी."

त्या उठल्या. नातीच्या हातातला पेला काढून घेतला आणि तोही माझ्यापुढे ठेवला. शेजारी शेजारी दोन पेले.

"तर मग तुमीच प्या," त्या म्हणाल्या. "दोनी."

मी मान खाली घातली. पोर आळीपाळीनं आमच्या दोघींकडे बघत होती. मग मी सगळं सांगितलं: सूप, काळे दाणे, माझा पहिला दिवस, गोदामाची भिंत. सांगून झाल्यावर त्या आत गेल्या आणि माझं पत्र घेऊन आल्या.

"ह्याच्या मागं लिहून द्या."

"आकडा लिहून देते. दोनशे साठ—"

"आकडा नगो. आकडा पयलाबी तुमचाच हुता. तुमी दूध पीत न्हाई, एवढं लिवा."

मी लिहिलं: हे दूध मी पिणार नाही. खाली तीच सही केली. अक्षर मात्र वळणदार आलं नाही.

निबंध परिषदेत वाचला गेला, एकट्या हंचनाळे सरांच्या नावानं, आणि त्याला चषकही मिळाला. सहीचा कागद मी कोराच परत दिल्यावर मला पुढच्या महिन्यापासून येऊ नका असं सांगण्यात आलं. पण त्याआधी संघाची वार्षिक सभा झाली. मी मागच्या रांगेत बसले होते. अहवाल वाचून झाला, व्यासपीठावर चहा आला, आणि अक्काताई रबरी बूट वाजवत माइकपाशी गेल्या. त्यांच्याबरोबर आलेल्या मास्तरांनी माझं ते पत्र आधी एका बाजूनं वाचलं, मग दुसऱ्या.

सभागृहात चुळबुळ झाली. अध्यक्षांनी घसा साफ केला.

"ताई, आरोप करायचा तर आकडा लागतो. यात आकडा कुठाय?"

"आकडा न्हाई, साहेब," अक्काताई म्हणाल्या. "तुमच्या म्होरं चा हाय. आपल्या संघाच्या दुधाचा. तेवढा प्या, म्हंजे आमी घरला जातो."

अध्यक्षांनी कप उचलला आणि सवयीनं हंचनाळे सरांकडे पाहिलं, शास्त्राचा प्रश्न आला की पाहायचे तसं. सरांच्या पुढ्यात कोरा चहा होता. तो पुढच्या रांगांना दिसला, मग मागच्यांना सांगितला गेला. कुणीतरी हसलं आणि मध्येच थांबलं. अध्यक्षांनी कप हळूच बशीत ठेवला. त्यांच्या शेजारच्या संचालकांनी ठेवला, मग त्यांच्या शेजारच्यांनी. सात कप, कुणी एक घोट घेतला नाही, आणि चारशे सभासद ते मोजत बसले.

गोदामाला त्याच संध्याकाळी कुलूप लागलं. सभा चालू असताना चहा आम्हा सभागृहातल्यांनाही वाटला होता. माझ्या हातातला कप गार झाला होता आणि त्यावर सुरकुतलेली साय आली होती. मी तो खुर्चीखाली ठेवला, ओढणीला हात पुसले, आणि मग आठवलं की त्या वर्षात रोज अकरा वाजता, स्वच्छ टेबलापाशी बसून, मी हाच चहा दोन-दोन कप प्यायले होते.